विश्रामकाका आणि पलीकडचा धक्का

माझ्या काकाचं नाव विश्राम, आणि त्याला मी कधी धड बसलेला पाहिला नाही. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी तो आला की एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून उभा राहायचा. आई खुर्ची पुढे करायची, "भावोजी, बसा तरी," म्हणायची. तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्यानेच चहा संपवायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा. जेवतानाही मधेच उठून जनेलातून रस्ता बघून यायचा. रस्त्यावर काही नसायचं. परत येऊन पुढचा घास घ्यायचा. "बसलंय की माका काय तरी चुकल्यासारख्या वाटता," असं तो म्हणायचा, आणि ते अगदी खरं असल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा.

सतराव्या वर्षी तो सावंतवाडीकडच्या आमच्या गावातून निघून डिचोलीला आला, ट्रकवर क्लीनर म्हणून. चार वर्षांत ड्रायव्हर झाला. माझे बाबा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, मागून आले आणि शाळेत शिक्षक झाले. काका मात्र तीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवत राहिला. कधी खाणीतली टाकाऊ माती ढिगाऱ्यावर टाकायचा, एरवी खाणीवर लोहखनिज भरायचा, नदीच्या धक्क्यावर रिकामा करायचा, परत वर जायचा. धक्क्यावरून ती लाल माती बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू होडीत, पडायची, बार्ज मांडवीतून वास्कोकडे जायची आणि तिथे ती माती मोठ्या जहाजात चढायची. संध्याकाळी काका घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा लाल असायच्या. आम्हा मुलांना त्याची थोडी भीती वाटायची आणि थोडं हसूही यायचं.

काकी म्हणजे शालन. तिचं माहेर डिचोलीपासून जवळच, खाणीच्या डोंगराच्या पायथ्याशी होतं. तिथे तिच्या वडिलांचं भाताचं शेत होतं, लहान लहान पाच तुकड्यांचं. एका पावसात डोंगरावरचा खाणीच्या टाकाऊ मातीचा ढिगारा घसरला आणि गाळ त्या शेतात उतरला. पाचही तुकडे लाल चिखलाखाली गेले. त्यानंतर तिथे भात झालं नाही. काकीचे वडील थोड्या वर्षांनी वारले, शेत तिच्या भावाच्या, दामोदरच्या नावावर आलं आणि तसंच पडून राहिलं.

काकी फार बोलणारी नव्हती. एकदाच मी तिला काकाला काही विचारताना ऐकलं. ती अंगणात त्याचे कपडे पिळत होती. बादलीतलं पाणी लाल झालं होतं.

"इतकी माती जाता तरी खंय?" तिने विचारलं.

"जपानाक," काका म्हणाला.

"थंय तिचा काय करतत?"

"लोखंड."

"आनि हयसर काय उरता?"

काका गेटपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेटपर्यंत गेला.

पुढे खाणी बंद झाल्या. काकाने ट्रक विकला आणि चालायला लागला. सकाळी डिचोलीच्या बाजारात, दुपारी मयेच्या तळ्यावर, संध्याकाळी कुठल्या तरी देवळाच्या पायऱ्यांशी तो दिसायचा, नेहमी उभा. काकी चार दिवसांच्या तापाने गेली, त्यानंतर हे चालणं वाढलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. आई त्याला जेवायला बोलवायची, तो यायचा आणि ताटावरून उठताना पुढच्या वाटेचा विचार करत असायचा.

त्याच सुमारास मी जपानला शिकायला गेले. माती आणि पाणी यांचं शास्त्र, दूषित जमिनी पुन्हा कशा वापरात आणायच्या, असा विषय. शहराचं नाव किताक्युशू. पोलादाच्या कारखान्यांचं जुनं शहर, आत घुसलेली लांबट खाडी, तिच्या दोन्ही काठांना धक्के. हे मी फोनवर बाबांना सांगत होते आणि मागून काकाचा आवाज आला. त्याने फोन मागून घेतला. तुझ्या शहराला बंदर आहे का, तिथे बाहेरची माती उतरते का, कुठल्या देशातली उतरते, असं एकामागून एक विचारलं. मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षी आई मला भेटायला यायची ठरली. बाबांना पाठीच्या दुखण्यामुळे इतका प्रवास झेपणार नव्हता, तेव्हा काका म्हणाला, वहिनीसोबत मी जातो. तो आयुष्यात विमानात बसला नव्हता. आईने नंतर सांगितलं की दिल्ली सोडल्यावर त्याने विमानाच्या मधल्या वाटेत इतक्या फेऱ्या मारल्या की हवाईसुंदरीने त्याला दोनदा पाणी आणून दिलं, बरं वाटत नाही की काय या काळजीने.

मी त्यांच्यासाठी दहा दिवसांचं वेळापत्रक केलं होतं. किल्ला, बागेतली लाल झालेली मेपलची झाडं, डोंगरावर नेणारी केबलकार, गरम पाण्याचं स्नानगृह. नोव्हेंबरचे स्वच्छ दिवस होते. आई खूश होती. ती मूळची पेडण्याची, हरमलच्या किनाऱ्याजवळ वाढलेली. मासळीबाजारात तिने एकेका माशाला ओळखून मालवणी नावं दिली आणि विकणाऱ्या बाईला हातवाऱ्यांनी पाककृतीही सांगितली. काकाचं मात्र काही खरं नव्हतं. किल्ल्यात आम्ही पहिल्या मजल्यावरच्या चिलखतापाशी असताना तो सगळे मजले चढून उतरून बाहेर उभा होता. बागेत त्याने झाडांकडे एकदा पाहिलं आणि फाटकाकडे निघाला. ट्राममध्ये बसायला जागा असून तो दाराशी उभा राहायचा आणि प्रत्येक थांब्यावर माझ्याकडे बघायचा, उतरायचं का म्हणून.

तिसऱ्या दिवशी त्याने स्पष्टच सांगितलं. "बाय, माका देवळां नको दाखव. धक्को खंय असा ता सांग."

मी सांगितलं की कारखान्यांच्या धक्क्यावर बाहेरच्यांना सोडत नाहीत. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मला भीती होती की तो तिथपर्यंत जाईल आणि दिसेल काय, तर कुंपण आणि त्यापलीकडचे पत्रे. आपल्याकडची माती इथे उतरायची बंद होऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे. इतक्या लांब आलेल्या माणसाला रिकामं कुंपण दाखवायचा मला धीर होत नव्हता. शिवाय मला त्याचा रागही येत होता. मी सुट्टी काढून, रात्र रात्र माहिती शोधून हे शहर त्यांच्यासाठी मांडलं होतं आणि तो त्यातून नुसता चालत जात होता.

चौथ्या दिवशी केबलकारने डोंगरावर गेलो. वरून सगळं शहर, खाडी आणि खाडीवरचा लांब लाल पूल दिसत होता. पुलाखालून एक छोटी बोट इकडून तिकडे जात होती. काका पहिल्यांदा एका जागी थांबला. "पूल असताना फेरी कित्याक?" त्याने विचारलं. पुलावरून पायी जायला वाट नाही, म्हणून चालणारे आणि सायकलवाले फेरीनेच जातात, असं मी म्हटलं. तो बराच वेळ त्या बोटीकडे बघत राहिला. आपल्या नदीवरही फेरीबोटी चालतात, त्याचं त्याला बरं वाटलं असेल, एवढंच मला वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी उठले तर काका घरात नव्हता. दाराशी त्याचे बूट नव्हते. फोन मेजावर होता तसाच, चार्जरला लावलेला. मी आजूबाजूच्या चार गल्ल्या धावत पालथ्या घातल्या. दुकानं, शाळेचं मैदान, रेल्वे स्टेशन. त्याला जपानीचा एक शब्द येत नव्हता, इंग्रजीही ट्रकच्या भागांपुरतं. आई दारात बसून राहिली, तिला घर सोडू नको म्हणून मीच सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी मी काकाला जरा तोडून बोलले होते. तुला काही बघायचंच नसेल तर आलास कशाला, असं. आता रस्त्यावरून पळताना तेच शब्द माझ्या डोक्यात फिरत होते.

कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत मी त्याचं वर्णन सांगितलं. तरुण हवालदाराने शांतपणे लिहून घेतलं आणि तीन-चार ठिकाणी फोन केले. चौथ्या फोनवर त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. फेरीच्या धक्क्यावरचा माणूस सांगत होता की एक परदेशी आजोबा सकाळी सातपासून बोटीत आहेत. पलीकडे उतरतात आणि त्याच बोटीने परत येतात.

मी पोचले तेव्हा बोट काठाला लागत होती. काका कठड्याशी उभा होता आणि त्याच्या शेजारी सायकल धरून एक म्हातारा जपानी माणूस. दोघांच्या मधे एक कागद होता, त्यावर जहाज, क्रेन आणि ट्रक अशी चित्रं काढलेली. माझ्याकडे बघून काका इतक्या सहजपणे म्हणाला, "इलंस? बरा झाला. ह्यो काय सांगता ता माका सांग," की रागवायचं माझ्याकडून राहूनच गेलं. मी आईला फोन करून तो सापडल्याचं सांगितलं आणि बोटीत चढले.

त्या गृहस्थांचं नाव ओकादा; 'सान' हे जपानीतलं 'जी'. वय ऐंशीच्या पुढे असावं. ते पलीकडच्या काठाला राहत, आणि याच खाडीतल्या धक्क्यावर त्यांनी क्रेन चालवली होती, जहाजांतून खनिज उतरवणारी. काका सकाळपासून प्रत्येकाला "गोवा, गोवा" म्हणत पलीकडचे धक्के दाखवत होता. लोक मान हलवून जात होते. ओकादा-सान थांबले, कारण त्यांना तो शब्द माहीत होता. गोव्याची माती त्यांनी उतरवली होती. ओली, चिकट, क्रेनच्या दातांना धरून बसणारी. इतर मातीपेक्षा लाल.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा काकाने ओकादा-सानांचा हात धरला आणि सोडलाच नाही. बोट पलीकडे लागली तरी.

ते आम्हाला काठाकाठाने घेऊन गेले. सायकल हातात धरून, सावकाश. एका ठिकाणी थांबून त्यांनी हाताने खाडीपलीकडे दाखवलं. जुना धक्का होता, आता त्यावर दुसरंच काही चालतं. तिथे, ते म्हणाले. मी ज्याला भ्यायले होते तेच समोर होतं: कुंपण, पत्रे, आणि त्यापुढे निळं पाणी. काका बघत राहिला. मग त्याने विचारलं, इतकी माती उतरायची तर पाणी असं निळं कसं.

ओकादा-सान म्हणाले, पूर्वी नव्हतं. त्यांच्या तरुणपणी ही खाडी मेलेली होती. मासा नाही, वास यायचा. हवेत इतकी धूळ असायची की वाळत घातलेली चादर संध्याकाळी रंगीत होऊन यायची. पुरुष म्हणायचे, धूर आहे म्हणजे पगार आहे. बायकांनी ऐकलं नाही. त्या मळलेल्या चादरी घेऊन कचेऱ्यांत गेल्या. ओकादा-सानांची स्वतःची बायको त्यात होती. ते तिच्यावर वर्षभर चिडून होते, कारखान्यात आपल्याला खाली बघावं लागतं म्हणून. मग खूप वर्षं लागली. गाळ काढावा लागला, पाणी सोडण्याचे नियम बदलावे लागले. आता इथे मुलं मासे धरतात.

मी वाक्य वाक्य करून हे काकाला सांगत होते. मधे कुठे तरी त्याने माझ्याकडे बघणं बंद केलं. सगळं सांगून झाल्यावर तो खाडीकडे तोंड करूनच बोलला.

"बाय, शालनच्या बापाशीच्या शेतात गेली ती माती माझ्या ट्रकातली."

मी म्हटलं, काका, तिथे पन्नास ट्रक चालायचे.

"नाय. ढिगाऱ्याची ती कड माझी. फोरमन म्हणालो, हयच खाली कर, फेरो वाचतलो. आठ दिवस मी थंय खाली केलंय. खाली कोणाचा शेत असा ता माका म्हायत होता. शालनाक कधी सांगूक नाय. ती माझे कपडे धुवत रवली."

इतकी वर्षं ज्या चालण्याला आम्ही घरात स्वभाव म्हणत होतो, त्याच्याकडे मी पहिल्यांदाच नीट बघत होते.

"ह्येका सांग," काका ओकादा-सानांकडे मान करून म्हणाला. "सगळा सांग. काय गाळू नको."

मला ते एका अनोळखी माणसासमोर बोलायला जड जात होतं. पण मी सांगितलं, अडखळत, योग्य शब्द शोधत. ओकादा-सान ऐकत राहिले. त्यांनी सांत्वन केलं नाही, मानही हलवली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ते शेत अजून आहे का.

"असा," काका म्हणाला. "तसाच असा."

"मग गाळ काढता येईल," ओकादा-सान म्हणाले.

पुढचे पाच दिवस मी केलेलं वेळापत्रक बाजूला पडलं. आईला मी एक दिवस दुकानांत नेलं, बाकीचे दिवस काका माझ्या प्रयोगशाळेत होता. मातीचे नमुने कसे घ्यायचे, गाळाखाली जुनी काळी माती किती खोल आहे ते कसं बघायचं, वरून पुन्हा गाळ येऊ नये म्हणून बांध कुठे घालायचा, मोकळ्या झालेल्या जमिनीत आधी काय पेरायचं. मी पुस्तकातलं सांगायला लागले की तो अडवायचा. "आपल्याकडच्या पावसात?" मी माझ्या प्राध्यापकांना विचारून यायचे. शेवटी सगळं त्याने मराठीत लिहून घ्यायला लावलं, मोठ्या अक्षरात. ओकादा-सान विमानतळावर आले नाहीत. पण जायच्या आदल्या दिवशी काका एकटाच फेरीने पलीकडे जाऊन त्यांना भेटून आला. काय बोललात, असं मी विचारलं. "बोलतलंय काय? चाय घेतली," तो म्हणाला.

गोव्यात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तो दामोदरकडे गेला आणि त्याला खरं सांगितलं. दामोदरने त्याला अंगणातून बाहेर काढलं. आईच्या सांगण्याप्रमाणे त्याचा आवाज वाडीभर ऐकू गेला. आमचा बाप त्या शेताच्या बांधावर बसून झुरला आणि तू आमच्याच घरी सणाला जेवत होतास, असं तो म्हणाला. त्यानंतर काका रोज सकाळी त्या शेताच्या वाटेवर जाऊन उभा राहायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. शेत दामोदरचं होतं. महिना गेला. एके दिवशी दामोदर स्वतःच खोरं घेऊन आला, काकाच्या हातात दिलं आणि परत गेला.

वरच्या दोन तुकड्यांवर काम सुरू झालं. गाळ खांद्यापर्यंत नव्हता, पण गुडघ्याच्या वर होता. काका फावड्याने सैल करायचा, एका जुन्या ओळखीच्या माणसाचा लहान टेम्पो मागून घ्यायचा आणि माती रस्त्याच्या भरावावर नेऊन टाकायचा. पंधरा दिवसांनी दामोदर बांधावर येऊन बसला. आणखी आठ दिवसांनी तोही उतरला. दोघं बोलत नसत. मे महिन्यात मी सुट्टीवर आले तेव्हा एका तुकड्यात काळी माती उघडी झाली होती. ती हातात घेऊन बघ, असं काका मला म्हणाला. मी बघितली, वास घेतला. चांगली होती. त्या पावसाळ्यात त्यांनी त्यात ताग पेरून हिरवळीचं खत म्हणून गाडला, दुसरा तुकडाही साफ केला, वर दगडी बांध घातला. पुढच्या पावसाळ्यात लावणी केली. पीक बेताचंच आलं. दामोदरने त्यातले तांदूळ आमच्याकडे आणून दिले, काकाबरोबर पाठवून नव्हे, स्वतः येऊन. त्याने काकाला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तसं तो कधी म्हणाला नाही.

काका त्या पिकानंतरच्या जानेवारीत गेला. सकाळी बाजारातून येताना छातीत कळ आली, इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं. मला पोचता आलं नाही. तीन तुकडे अजून लाल आहेत. दामोदर आता एकटा त्यावर काम करतो, मला नमुने पाठवतो आणि मी त्याला उत्तरं पाठवते.

काकाचा शेवटचा फोन मला त्याआधी तीन आठवडे आला होता. जपानात दुपार होती, गोव्यात सकाळ. तिसऱ्या तुकड्याचं काम सुरू केलं, खाली पाणी लागतंय, चर कुठल्या बाजूने काढू, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. बरं म्हणून त्याने फोन खिशात टाकला, पण बंद करायला विसरला. मला फावड्याचा आवाज येत होता. मग दामोदरचा, काही तरी चिडून सांगणारा, चर त्या बाजूला नको म्हणून. काका म्हणाला, चेडवान सांगल्यान हा, म्हणजे पोरीने सांगितलंय. दामोदर म्हणाला, चेडू थंय जपानात, पाणी हय तुझ्या पायात. मग काका हसला. मी त्याला असा हसताना ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. दामोदरही हसला असावा, नीट कळलं नाही. माझ्या वर्गाची वेळ झाली होती. मी वर्गाच्या दाराबाहेर फोन कानाला लावून उभी राहिले, आणि ते दोघं चर कुठून काढायचा यावर वाद घालत राहिले.